चुकवायचे दोन फ्री थ्रो

"दोन्ही चुकव," कोच इग्नाट्स म्हणाले.

टाइम-आउट चालू होता. मी एकटी खुर्चीवर, डोक्यावर ओला टॉवेल, आणि बाकीच्या सगळ्या जणी माझ्याभोवती वाकून उभ्या. मला वाटलं होतं, कोच दोन शब्द धीराचे बोलतील, पाठीवर थाप मारतील. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि औषधाचा डोस समजावून सांगावा तशा आवाजात बोलले, "पहिलाही आणि दुसराही. फक्त चेंडू रिंगला लागू दे. मग झटापट होईल, वेळ संपेल. कळलं?"

मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, "कळलं ना, चारू?" मी पुन्हा मान हलवली. हे दोनदा मान हलवणं पुढे माझ्यावरच शेकलं.

गुणफलकावर दोन्हीकडे एकाहत्तर होते. सामना संपायला दोन सेकंदही उरले नव्हते. टाइम-आउटच्या आधी मी उडी मारली होती आणि समोरच्या हंगेरीच्या संघातल्या उंच मुलीनं माझ्या मनगटावर फटका मारला होता. तिचा तो पाचवा फाउल होता, म्हणून ती बाहेर गेली आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. ज्यांनी बास्केटबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्री थ्रोला रेषेवर एकटीनं उभं राहायचं, समोर कुणी आडवं येत नाही, चेंडू आत गेला की एक गुण. एक जरी आत घातला असता तरी सामना आमचा होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पण सामना जिंकून भागणार नव्हतं. आमच्या गटात चार संघ होते, पुढे दोनच जाणार. त्यातली एक जागा आधीच ठरली होती. राहिलेल्या एका जागेसाठी आम्ही आणि या हंगेरीच्या मुली. आम्ही जिंकलो की दोन्ही संघांचे विजय सारखे होणार आणि मग एकमेकींविरुद्धचे गुण बघितले जाणार. त्यांच्या घरच्या मैदानावर आम्ही पाच गुणांनी हरलो होतो. म्हणजे इथे सहा गुणांनी जिंकणं भाग होतं. एका गुणानं जिंकलो तर टाळ्या आमच्या आणि पुढची फेरी त्यांची. बरोबरी राहिली तर मात्र पाच मिनिटांचा जादा वेळ मिळणार होता, त्यांची उंच मुलगी बाहेर बसलेली असणार होती, आणि त्या पाच मिनिटांत सहा गुण काढणं अवघड असलं तरी अशक्य नव्हतं. इग्नाट्सचा हिशोब बरोबर होता. त्यांचे हिशोब नेहमीच बरोबर असत.

होर्का हे स्लोवाकियातलं कागदाच्या गिरणीचं गाव. एक गिरणी, एक नदी, एक चर्च आणि एक बास्केटबॉलचा हॉल, आणि चारही ठिकाणी उकळलेल्या लाकडाचा तोच वास. युरोपात क्लबांच्या स्पर्धांची वरची एक पंगत असते, तिथे मोठमोठ्या शहरांचे श्रीमंत क्लब बसतात. आम्ही दुसऱ्या पंगतीतले. पण दुसऱ्या पंगतीत बसणाऱ्यालाही भूक तेवढीच असते. होर्काचा संघ इतक्या वर्षांत एकदाही गटाच्या पुढे गेला नव्हता.

मी नागपूरची. चारुलता भोयर, सहा फुटांना दोन बोटं कमी. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी होती, चांगली कायमची. ती सोडून मी या गावात आले होते. आईनं डोकं फिरलंय का म्हणून विचारलं. बाबांनी एवढंच सांगितलं की जाऊ दे तिला. माझा करार दोन वर्षांचा होता आणि हे दुसरं वर्ष. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे दिवाळी मला आठवत होती, त्यांच्याकडे नुसता पाऊस आणि चिखल होता, इग्नाट्सनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं होतं. बाद फेरीत गेलो तर क्लबचा खर्च उचलणारी गिरणी परदेशी खेळाडूची जागा ठेवेल आणि मी तुझं नाव घालेन. नाही गेलो तर पुढच्या वर्षी सगळ्या गावातल्याच मुली. मी तिथे राहणार की नाही, ते या एका सामन्यावर होतं. रेल्वेचं दार मी स्वतःच्या हातानं लावून आले होते.

आणि झुझाना होती. आमची कॅप्टन, माझ्या खोलीत राहणारी. तिचा एक गुडघा कामातून गेला होता, हा तिचा शेवटचा मोसम होता, आणि बाद फेरीचा एक सामना खेळून मग बूट टांगायचे असं तिनं मनाशी धरलं होतं. मला बर्फात चालायला तिनं शिकवलं. माझं वरण तिला आवडायचं, फोडणीच्या वासानं मात्र ती खिडक्या उघडायची. परक्या देशात मला जे एक माणूस मिळालं होतं ते हे.

टाइम-आउट संपला. मी रेषेवर गेले तशी प्रेक्षकांतली बरीच माणसं कोट चढवू लागली. मी रेषेवर गेले की ती असंच करत, कारण माझा फ्री थ्रो चुकत नाही हे गावाला माहीत झालं होतं. याचं श्रेय माझं नाही, माझ्या बाबांचं. बाबा नागपुरात शाळेत खेळाचे सर होते. शाळा भरायच्या आधी, सिमेंटच्या मैदानावर, हिवाळा असो की मे महिना, ते मला रेषेवर उभं करत. उंच टाक, मऊ टाक, हे त्यांचं एकच सांगणं. चेंडू उंच गेला आणि बोटांवरून उलटा फिरत गेला, की तो रिंगवर आपटत नाही, टेकतो. मी सपाट टाकला तर ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडायचे. आत गेला तरी ओरडायचे.

पहिला मी सपाट टाकला. मुद्दाम, दगड मारल्यासारखा. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आदळला आणि परत आला. हॉलमध्ये एक मोठा सुस्कारा उमटला, मग कुणीतरी शीळ घातली, मग दहाबारा जणांनी. कोट चढवलेली माणसं पुन्हा खाली बसली. झुझाना जवळ आली आणि माझ्या कमरेवर हात ठेवून हळूच म्हणाली, "अगदी असाच. अजून एक."

गंमत बघा, त्या हॉलमध्ये मी आत घालावा अशी ज्यांची मनापासून इच्छा होती त्यांत हंगेरीच्या मुली पहिल्या. त्यांनाही हिशोब येत होता. रेषेच्या बाजूला उभी असलेली त्यांची बुटकी पोरगी माझ्याकडे बघून हसली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली की घाल ना, तू तर छान घालतेस.

दुसराही सपाटच टाकायचा होता. तसं मी मनाशी म्हटलंही. पंचांनी चेंडू दिला. मी तो तीनदा आपटला, रोज आपटते तसा. श्वास सोडला. गुडघे वाकले, आणि तिथून पुढे हात त्याच्या वाटेनं गेला. नेम मी चुकवला होता, रिंगच्या मागच्या कडेवर धरला होता. टाकणं मात्र मला बदलता आलं नाही. चेंडू उंच गेला. मऊ गेला. मागच्या कडेवर लागला, जरासा उडाला, पुढच्या कडेवर आला, आणि दमलेल्या माणसानं बाजेवर अंग टाकावं तसा आत पडला.

राहिलेल्या सेकंदात हंगेरीच्या मुलींनी चेंडू छताकडे भिरकावून दिला आणि नाचायला लागल्या. त्या हरल्या होत्या आणि नाचत होत्या. आमचे लोक जिंकले म्हणून नाचत होते. होर्कात एक रीत होती. युरोपातला सामना घरच्या मैदानावर जिंकला की गिरणीतले लोक कागदाची रिळं घेऊन खाली उतरत आणि ज्या मुलीनं जिंकून दिलं तिला त्या कागदात गुंडाळत. हंगेरीवाल्यांना हरवणं म्हणजे तर गावाची आजोबा-पणजोबांपासूनची हौस. कुणाला गटाचा हिशोब माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांनाही त्या घटकेला तो नको होता. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा मला मिठी मारून रडत होता. मी कागदाच्या भेंडोळ्यातून मान वर काढून आमच्या बेंचकडे बघत होते. बेंच रिकामं होतं. माझ्या सगळ्या मैत्रिणी आत निघून गेल्या होत्या.

कपडे बदलायच्या खोलीत मी शिरले तेव्हा कागदाचे तुकडे केसांतून खांद्यावर पडत होते. कुणी वर बघितलं नाही. इग्नाट्स दारातच उभे होते. "मी तुला दोनदा विचारलं होतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मी काही बोलायच्या आत ते पत्रकारांकडे निघून गेले आणि तिथे त्यांनी माझं कौतुक केलं. करावंच लागलं. जिंकायचा सामना बरोबरीत ठेवायला मीच सांगितलं होतं, असं गिरणीच्या माणसांसमोर ते कोणत्या तोंडानं सांगणार होते?

झुझाना गुडघ्यावरची चिकटपट्टी सोलत होती. पायाचे केसही निघत होते, पण ती हळू करत नव्हती.

"का केलंस?" तिनं विचारलं.

"मी नाही केलं. गेला तो."

"गेला." तिनं पट्टीचा गोळा केला. "चारू, दोन वर्षं मी तुला रोज बघतेय. तू पाठवशील तिथेच तुझा चेंडू जातो. आजच बरा आपला आपण गेला."

"शप्पथ सांगते. मी मागच्या कडेवर मारला होता."

"पहिला कसा चुकवलास मग? पहिला जमला आणि दुसरा जमला नाही?"

खरं उत्तर होतं, पण ते नागपूरच्या सिमेंटच्या मैदानापासून सुरू करावं लागलं असतं, आणि त्या वेळी ते कुणी ऐकून घेतलं असतं? मी चांगली खेळत होते एवढाच माझ्याविरुद्धचा पुरावा होता, आणि तो भरभक्कम होता. एखादी कच्ची मुलगी असती तर तिच्या हातून निसटला यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता.

"तुला शिट्ट्या सहन झाल्या नाहीत," झुझाना म्हणाली. "एवढंच झालं. लोक तुझ्यावर उलटले आणि तुला ते सोसवलं नाही. त्यासाठी तू माझं वर्ष घालवलंस."

मी तिच्याजवळ बसायला गेले. ती उठली आणि लंगडत अंघोळीला गेली. बाकीच्यांनी आपापल्या पिशव्या आवरल्या. मी बाकावर बसून केसांतले कागद काढत राहिले, आणि माझ्या हातांचा मला इतका राग आला की ते तोडून ठेवावेत असं वाटलं.

बाबांचा फोन आला. त्यांनी सामना लॅपटॉपवर बघितला होता, शेजारचे चारपाच जण घरी जमले होते, मागून त्यांचा गलका ऐकू येत होता. बाबा रडत होते. बापाचं रडणं ऐकून मी काय सांगणार? मी म्हटलं, हो बाबा, जिंकलो. त्यांनी फोन आईला दिला, आईनं जेवलीस का विचारलं, आणि मी हो म्हणून सांगितलं.

मोसम अजून बाकी होता, देशातली साखळी एप्रिलपर्यंत चालायची. पण माझ्यापुरता तो त्याच दिवशी संपला. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त मला पास येईनासा झाला. मी मोकळी उभी असायची, हात वर करायची, आणि चेंडू मला वळसा घालून जायचा. झुझाना खोलीत राहत होती, दूध संपलंय, चावी कुठेय, असं सगळं नीट बोलत होती. वरण मात्र तिनं पुन्हा कधी खाल्लं नाही. गावात उलटं. बेकरीतल्या बाईनं माझा कागदात गुंडाळलेला फोटो वर्तमानपत्रातून कापून भिंतीला लावला होता आणि ती माझ्याकडून पावाचे पैसे घेईना. मी तिकडून जायचं सोडून दिलं. झुझानाच्या शेवटच्या सामन्यानंतर सगळ्या जणी रांगेत उभ्या राहिल्या, ती एकेकीला मिठी मारत आली. माझ्यापाशी आल्यावर तिनं हात पुढे केला. मी तो हातात घेतला आणि सोडला. करार अर्थातच वाढला नाही.

मे महिन्यात नागपूरला उतरले तेव्हा बाबा शाळेतल्या मुलांना घेऊन विमानतळावर आले होते. ढोल-ताशा होता. दुसऱ्या दिवशी शाळेत सत्कार, शाल आणि नारळ, आणि एक नगरसेवक माझं नाव चुकीचं घेऊन मी युरोप जिंकून आले असं सांगत होते. मग बाबा उठले. त्यांनी तो शेवटचा चेंडू सांगितला. कसा उंच गेला, कसा कडेवर टेकला, कसा आत आला. हातवारे करून सांगितला. मुलं टाळ्या वाजवत होती. मी शालीखाली घामानं भिजून गेले होते, आणि ती माणसं मला एकेक करून मारत असल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतरही घरी कुणी आलं की बाबा तेच सांगायचे. दूधवाल्याला सांगितलं. गॅसवाल्याला सांगितलं. आठवडाभर मी ऐकून घेतलं. मग एका दुपारी, आई मावशीकडे गेली होती, कूलर चालू होता, आम्ही दोघंच घरात. बाबा टरबूज कापत होते. मला आता ते मनात कोंडून ठेवणं शक्य नव्हतं.

"बाबा, त्या एका गुणानं आम्ही बाहेर गेलो," मी म्हटलं. "सहानं जिंकायचं होतं."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"अगं, मी आदल्या दिवशीच हिशोब लावला होता नं. तिथं पाच गुणांनी हरल्या होत्या तुम्ही. टाइम-आउट झाला तेव्हाच मला वाटलं, हा कोच आता चुकवायला सांगून राहिला. तुझा पहिला सपाट आला, तेव्हा तर पक्कंच झालं."

ते बिया काढून फोडी ताटात लावत होते.

"मग सगळ्यांना काहून सांगून राहिले तुम्ही? ढोल काहून वाजवले?"

"लोकांना तेवढंच समजते. जिंकली म्हणजे जिंकली."

"आणि तुम्हाला?"

बाबांनी सुरी खाली ठेवली. "दुसऱ्या वेळी मी इथंच बसून म्हणत होतो, उंच नको टाकू पोरी, सपाट टाक," ते म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा म्हटलं असंन. पण तुझा हात वर गेला, अन् समजलो, हा आत जाते. तसा बॉल कडेवर लागला तरी आतच येते. त्यासाठीच तर तसा शिकवला होता."

म्हणजे या जगात एका माणसाला माहीत होतं. मी मुद्दाम केलं नाही, टाळ्यांसाठी केलं नाही, हे होर्कातल्या एकीलाही पटलं नव्हतं, आणि नागपुरात बसलेल्या या माणसानं ते पडद्यावर बघून ओळखलं होतं. क्षणभर मला वाटलं, आता माझं ओझं उतरेल. मी त्यांना सगळं सांगितलं. करार गेला, रेल्वेची नोकरी तर आधीच गेलेली, झुझाना मला काय म्हणाली, चेंडू मला वळसा घालून कसा जायचा. सांगताना मी रडत होते. बाबा उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला टरबुजाचा रस लागलेला होता.

"गेलं ते तर गेलंच, बेटा," बाबा म्हणाले. "नुकसान मोठं झालं, मला काय दिसत नाही? पण एक सांगू? तुला चुकवता नाही आलं. मुद्दाम म्हटलं तरी नाही आलं. इतकी वर्षं पोरं शिकवली, असा हात मी कोणाचाच पाहिला नाही. ते पाहून मला मनातून लय बरं वाटलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला धीर द्यायलाच ते बोलत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. आता बाबा नाहीत. झुझानाला मी केव्हाच माफ केलं, इग्नाट्सनाही केलं. बाबांना त्या दिवशी बरं वाटलं, एवढं मात्र मला अजून माफ करता आलेलं नाही.